चकलीचा उपास

६ फेब्रुवारी २०१५, शुक्रवार. सीब, मस्कत

ही वही बाबांनी एसी सर्व्हिसच्या नोंदी लिहायला दिली होती. पहिल्या पानावर दोन कॉम्प्रेसरचे नंबर होते, ते पान फाडलं. आजपासून वही माझी. मनात साठलं की मी कुणाच्या तरी अंगावर जातो, त्यापेक्षा कागद बरा. कॉलेजातही तेच झालं. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्यांसमोर माझी फाईल भिरकावली. मी ती उचलून त्यांच्याच टेबलावर आपटली आणि जो बाहेर पडलो तो थेट इथे, बाबांच्या कंपनीत हेल्पर.

आज सुट्टी असून बाबांनी गच्चीवर पाठवलं. आम्ही राहतो त्या व्हिलाच्या वरच्या मजल्यावर जहूर चाचा आणि अमीरुन्निसा चाची राहतात. दाभोळचे. बाबांची त्यांची ओळख वीस वर्षांची. चाचांचं सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, पक्ष्यांचं दुकान आहे. गच्चीवर चाचींची एक खोली आहे, तिचा एसी गार करत नव्हता. मला वाटलं आत लव्हबर्ड असतील.

दार उघडायच्या आधीच चाची म्हणाल्या, "थांब. खुंटीवरचा अंगरखा घाल. हात कोपरापर्यंत धू. मग आत."

आत उंदीर. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टिकचे डबे, डब्यांवर जाळी, प्रत्येक डब्यात भुसा आणि उंदीर. पांढरे, काळे, चट्ट्यापट्ट्याचे. गावी आई उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकते, इथे त्यांना दीड टनाचा एसी.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सापांना."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चाची हसल्या. मस्कतमध्ये साप पाळणारे लोक आहेत म्हणे, चांगले पंधरा-वीस. ओमानी पोरं आहेत, एक जर्मन बाई आहे. सापाला दर आठवड्याला उंदीर लागतो. दुकानात कुणी तरी विचारलं, चाचा नाही म्हणाले, चाचींनी हो म्हटलं. त्याला नऊ वर्षं झाली.

मी फिल्टर धूत होतो तेव्हा त्यांनी एका डब्यात हात घातला. बघत माझ्याकडे होत्या, बोलत माझ्याशी होत्या, आणि बोटं घरट्यात. "पाच दिवसांची," म्हणाल्या. "आठ आहेत." मी जाऊन मोजली. आठ. डब्यावर तारीख होती, एक फेब्रुवारी. मी थक्क झालो. आमच्या सरांना पुस्तक समोर धरूनही धड सांगता यायचं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एसीत काही उरलं नव्हतं, तरी "गॅस चेक करतो" म्हणून गेलो. बरं झालं गेलो.

तिचं नाव उर्वी. दार्सैतला राहते, वडील इंजिनियर, मूळ पुण्याचे. जन्म इथलाच. यंदा लीड्सला शिकायला जाणार आहे. निळा कुर्ता, केस वर बांधलेले, हातात बुटांचा रिकामा खोका. मी जिन्यात बाजूला झालो तर म्हणाली, "थँक यू, दादा." दादा ती सगळ्यांनाच म्हणत असणार.

तिच्याकडे अजगर आहे. बॉल पायथन. घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो म्हणून ते नाव. पण हिने त्याचं नाव चकली ठेवलंय, कारण तो गोल वेटोळं घालून बसतो. तो नव्हे, ती. मादी आहे.

"माझी चकली खात नाही," उर्वी चाचींना सांगत होती. "ऑक्टोबरपासून काहीच नाही खाल्ला. मी व्हाइटवाला दिला, ब्लॅकवाला दिला. नुसती बघते आणि मागे जाते."

"वजन?"

"बाराशे होता. आता हजार पन्नास."

चाची म्हणाल्या, "साप उपास धरतो. सहा महिनेही धरतो. घाबरू नको, पण वजन बघत राहा."

उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मला ती गिफ्ट आहे. शाळेतल्या झैन नावाच्या मुलाने दिली, तो गेल्या वर्षी बाहेर शिकायला गेला, जाताना सांभाळायला देऊन गेला. बरं झालं, गेला. असली जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात मारून जाणारा माणूस काय कामाचा.

ती गेल्यावर मी चाचींना विचारलं, "मी रोज संध्याकाळी येऊ का मदतीला? फुकट."

त्यांनी विचारलं नाही का म्हणून. "भुसा बदलायला लागेल," म्हणाल्या. "नाक मुरडायचं नाही."

२ मार्च

बाबा जेवताना: "समुद्र ओलांडून पोरगा आला, उंदरांना आंघोळ घालायला."

मी ताट सरकवून उठलो. नंतर भूक लागली, परत बसलो. बाबांनी आमटी वाढली.

चाचींची पद्धत लिहून ठेवतो, कारण अशी पद्धत मी कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिली नाही. एका डब्यात एक नर, तीन माद्या. मादी फुगली की तिला वेगळं घर. एकवीस दिवसांत पिल्लं. पहिले पाच दिवस डबा हलवायचा नाही, भुसा बदलायचा नाही, आवाज नाही, परका वास नाही. आईला कधीही भीती वाटली तर ती आपली पिल्लं खाते. "दुष्टपणाने नाही," चाची म्हणाल्या. "तिला वाटतं, आता ही जगायची नाहीत, मग दुसऱ्या कुणाच्या तोंडी का पडू द्यायची." मला हे ऐकून दोन दिवस कसंतरी झालं.

त्या प्रत्येक गोष्ट माझ्याकडून वदवून घेतात. "काट्यावर किती आहे, तू सांग." "थर्मामीटर बघ, किती?" "ह्या डब्यावरची तारीख वाच." स्वतः समोर उभ्या असून. शिकवावं तर असं. आमचे सर स्वतःच सगळं वाचायचे आणि आम्ही झोपायचो.

डब्यांची जागाही ठरलेली. मी एक डबा पुसून फळीवर दोन बोटं उजवीकडे ठेवला तर त्या लगेच थबकल्या. "होता तिथे ठेव." एवढी शिस्त माणसात असावी.

१६ मार्च

आज मारायला शिकलो.

मला वाटायचं, जिवंत उंदीर सापापुढे सोडायचा, त्यात मजा आहे. तसं बोललो. चाचींचा आवाज चढलेला आज पहिल्यांदा ऐकला. "मजा? उंदराला दात आहेत. भुकेला साप कोपऱ्यात बसतो आणि उंदीर त्याचा डोळा फोडतो. माझ्या खोलीतून एकही जिवंत बाहेर जात नाही. ज्याला तमाशा बघायचाय त्याने दुसरीकडे जावं."

त्या एका बंद डब्यात उंदीर ठेवतात. शेजारच्या बरणीत खाण्याचा सोडा आणि सिरका मिसळतात आणि त्याची हवा नळीने हळूहळू आत सोडतात. उंदीर पेंगतो, मग झोपतो, मग उठत नाही. तेवढा वेळ त्या डब्यावर हात ठेवून उभ्या राहतात. आतली धडपड हाताला कळते म्हणाल्या, धडपड असली तर आपण घाई केली. मीही हात ठेवला. काही लागलं नाही. नुसती थोडी ऊब होती, ती गेली.

मला रडू आलं. रडू आलं याचा राग आला. बादलीला लाथ मारली. चाचींनी बादली सरळ केली आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी तर जेवलेच नव्हते."

३ एप्रिल, शुक्रवार

उर्वी चकलीला घेऊनच आली. मी तिला प्रथमच पाहिलं. म्हणजे चकलीला.

काय सुंदर जनावर आहे. काळ्यावर सोनेरी डाग, जसा तव्यावर तूप सुटलेला घावन. डोकं केवढंसं, बदामाएवढं. उर्वीच्या मनगटावर तिने वळसा घातला आणि तिथेच राहिली. मला त्या मनगटाचा आणि चकलीचा, दोघांचाही हेवा वाटला.

वजन नऊशे ऐंशी.

चाचींकडे तपकिरी उंदीर तीनच आहेत, एक नर, दोन माद्या, सहम गावच्या कुणाकडून आणलेले. रानातल्या उंदरासारखा रंग आणि वासही वेगळा, उग्र. चाचींनी तपकिरी डब्यातला थोडा भुसा चकलीपुढे धरायला सांगितला. चकलीची जीभ लपलप सुरू झाली, मान पुढे आली. पांढऱ्यांच्या भुशाला ती हलली नव्हती. मग मेलेला मोठा तपकिरी नर द्यायचा का, तर चाची नाही म्हणाल्या. एकच नर आहे. आणि एवढ्या उपासानंतर पहिला घास लहान हवा.

"तपकिरीची पिल्लं होऊ दे," म्हणाल्या. "दहा-बारा दिवसांचं, अंगावर नुकते केस आलेलं. ते घेईल ही."

"तोपर्यंत पप्पा थांबणार नाही," उर्वी म्हणाली. बारा जूनला त्यांचं सगळं घर सुट्टीला पुण्याला जातंय, तिथून ती लीड्सला. वडिलांनी सांगितलंय, तोवर चकली खाऊ लागली तर ठेवू, चाचींकडे खर्च देऊन राहू दे. नाही तर ऑफिसातला एकजण तिला वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, नेऊन सोडेल. इथल्या उन्हात, डोंगराच्या घळीत.

"मरेल ती," चाची एवढंच म्हणाल्या.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, वडिलांचा नंबर दे, मी बोलतो. उर्वी घाबरली. चाची म्हणाल्या, "बस खाली. तू बोलून अजगर जेवणार आहे?"

तेव्हा बसलो. पण मनात ठरवलं. चकलीला मी खायला घालणार. उर्वीला पहिला फोन माझा जाईल.

१ मे

दोन्ही तपकिरी माद्या व्याल्या. एकीला सात, एकीला सहा. चाचींनी घरट्याला हात न लावता, जाळीवर नाक नेऊन सांगितलं, "व्याल्या दोघी." मी खात्री करायला टॉर्च मारणार होतो, त्यांनी मनगट धरलं.

मी हिशोब केला. बारा-तेरा मेला पिल्लं हवी तेवढी होतील. म्हणजे महिनाभर आधीच.

उर्वीला मेसेज केला. तिने लाल हृदय पाठवलं. मी ते चार वेळा उघडून बघितलं. बाबांनी विचारलं, मोबाइलमध्ये कॉम्प्रेसर आहे का.

८ मे, शुक्रवार

आजचा दिवस आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस.

उर्वीची आई येणार होती. चकलीला चाचींकडे ठेवायचं तर जागा बघायला हवी, हे कुठल्याही आईला वाटणारच. चाची सहमला लेकीकडे गेलेल्या, त्या महिन्यातून दोनदा जातातच. म्हणजे सगळं माझ्यावर.

आता, खोलीला वास येतो हे खरं आहे. मला सवय झालीय. पण पुण्याच्या बाईने नाकाला रुमाल लावला असता तर मी तिथेच जमिनीत गेलो असतो. म्हणून सकाळी सूकमध्ये जाऊन चांगला लोबान आणला, हिरवट, थेंबासारखा. इथे घरोघरी, दुकानात, लग्नात, सगळीकडे लोबान जाळतात. त्याहून शुद्ध काय असणार. जहूर चाचांच्या दुकानातली धुपाटणी आणली, कोळसा पेटवला आणि खोलीत ठेवली. वास बसावा म्हणून एक्झॉस्ट बंद केला, दार लावलं. तासभर.

आई आली आणि दारातच थांबली. "अगं, किती प्रसन्न वास आहे." उर्वी माझ्याकडे बघून हसली. मला सगळं कळत होतं म्हणून मी डबे दाखवले, तारखा दाखवल्या, तपकिरीची घरटी लांबून दाखवली. आई म्हणाली, तुम्ही फार व्यवस्थित आहात. उर्वी जाताना म्हणाली, "आम्हाला दोघांना तुमचा खूप आधार आहे." दोघांना म्हणजे तिला आणि चकलीला. किती गोड बोलते.

९ मे

लिहवत नाही, पण लिहितो.

काल संध्याकाळी चाची सहमहून आल्या, थेट गच्चीवर. दारात उभ्या राहिल्या, आत पाऊलच टाकेनात. "कुणी काय जाळलं?"

मी सांगितलं. पाहुणे आले होते, लोबान लावला.

त्या आत आल्या. एक हात फळीवर ठेवून चालल्या. मग म्हणाल्या, "आज मला काही दिसत नाही." आता धूर कधीच गेला होता. ट्यूबलाइट चालू होती. न दिसायला काय झालं? मला वाटलं, टोमणा मारतात. मी म्हणालो, "चाची, एवढं काय, वासच तर आहे." त्यांनी एका डब्यात हात घातला. तो भलताच डबा होता, काळीचा, कालच व्यालेली. ती कडकडून चावली. नऊ वर्षांत चाचींना उंदीर चावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बोटातून रक्त आलं. चाची बाहेर जाऊन पायरीवर बसल्या, अंगरखाही काढला नाही.

आज पहाटे मी वर गेलो. तीन डब्यांतले उंदीर तोंड उघडं टाकून श्वास घेत होते, टिकटिक आवाज येत होता. दोन मेले. आणि तपकिरीची घरटी रिकामी होती. दोन्ही. तेरातलं एकही नाही. भुशात एक शेपूट मिळाली, शिवणाच्या दोऱ्याएवढी.

चाची मला ओरडल्या नाहीत. मी म्हणालो, ओरडा. त्या म्हणाल्या, "ओरडून काय, तूही आता घाबरलेला आहेस." मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, मला नाही जमणार असलं काम, शी, उंदीर ते उंदीरच. अंगरखा जमिनीवर टाकून खाली आलो.

११ मे

दोन दिवस वर गेलो नाही. उर्वीचे तीन मेसेज आले, उघडले नाहीत.

आज अल खुवैरला एका ऑफिसचे सहा एसी धुतले. येताना गाडीत बाबा समोर बघत म्हणाले, "कॉलेज सोडलंस. आता उंदीरही सोड. पुढे काय सोडणार, ते एकदा ठरवून ठेव, म्हणजे मी नवीन काही दाखवणार नाही."

मी दार उघडून उतरणार होतो. सिग्नल हिरवा होता म्हणून राहिलो. मग वाटलं, बाबा ओरडले असते तर मी उतरलोच असतो. ते ओरडले नाहीत.

घरी येऊन थेट गच्चीवर गेलो. अंगरखा खुंटीवर होता, धुतलेला. चाची स्टुलावर बसून एका डब्याची कड पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"माफ करा," म्हणालो.

"आज तारीख काय?"

"अकरा."

"नवाला नर सोडला मी तपकिरीच्या डब्यात. पिल्लं गेली की मादी लगेच माजावर येते. धरलं असेल तर तीस मेला वितील. दहा जूनला अकरा दिवसांची होतात. बाराला तिचं विमान. बसतंय."

म्हणजे मी खाली तोंड फिरवून बसलो होतो तेव्हा ह्या बाईने चावलेल्या बोटाने सगळं पुन्हा सुरू केलं होतं. मला स्वतःची एवढी लाज कॉलेज सोडतानाही वाटली नव्हती.

१५ मे

चार दिवस खोली धुतली. प्रत्येक डबा सिरक्याच्या पाण्याने, भिंती, फळ्या, एसीची जाळी, खुंटीसुद्धा. एक्झॉस्ट अखंड चालू. लोबान एवढा चिवट असतो हे मला ठाऊक नव्हतं.

उर्वीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके दादा, तुम्ही मुद्दाम नाही केलात." मागून कुणाचा तरी आवाज आला, पुरुषाचा, व्हिडिओ कॉलवरचा असावा. ती त्याला म्हणाली, "एक मिनिट, झैन." त्यालाही बिचाऱ्याला चकलीची काळजी असणार. लीड्सला तोच तिला एअरपोर्टवर घ्यायला येणार आहे, एकाच कॉलेजात निघाले दोघं. योगायोग.

आज संध्याकाळी चाची दारात थांबल्या, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आता खोली दिसायला लागली." कोकणातली माणसं बोलतातच अशी, सगळ्याला डोळे लावून.

३० मे

धाकटी तपकिरी व्याली. पाच पिल्लं. मोठीने धरलंच नव्हतं. म्हणजे सगळं ह्या पाचांवर.

मी जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसतो. आमच्या शेजारचे मुनीर भाई गच्चीवर कपडे वाळत घालायला येतात, चपला काढूनच या म्हणून सांगितलं. आधी मी त्यांच्याशी भांडलो असतो. आता हात जोडतो. ते म्हणाले, "बाळंतपण आहे का तुमच्याकडे?" हो म्हटलं.

५ जून, शुक्रवार

उर्वीने चकलीला आणून ठेवलं. वजन नऊशे दहा. पाठीचा कणा वर दिसायला लागलाय. तिची काचेची पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली, वर काळं कापड. चाची म्हणाल्या, पाच दिवस तिला कुणी बघायचं नाही. उर्वीने कापडावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मला म्हणाली, "बारा तारखेला सकाळी पप्पा विचारतील. त्याच्या आधी मला कळव. प्लीज."

बाहेर पंचेचाळीस डिग्री. बाबा दुपारी आपणहून वर आले, एसीचा बाहेरचा पंखा धुतला, कॉइल साफ केलं. "हा एसी आता पडणार नाही," म्हणाले. आणि उतरता उतरता तपकिरीच्या डब्याकडे बघून, हळूच, "पाचही आहेत ना?"

१० जून, बुधवार

कामावरून आलो, हात धुतले, अंगरखा घातला. पाच पिल्लं, अंगावर मऊ तपकिरी लव, डोळे अजून मिटलेले. चाचींनी बोटांनी चाचपून दोन निवडली, चांगली भरलेली. डब्यावर मीच हात ठेवून उभा राहिलो. धडपड झाली नाही. मग पहिलं पिल्लू गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून कोमट केलं. चाची म्हणाल्या, चिमट्याने नको, हालवू नको, पेटीत तिच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर ठेव आणि मागे ये.

ठेवलं. मागे आलो. चाची स्टुलावर, मी जमिनीवर. एसीचा आवाज.

चकली वेटोळं घालून होती. दहा मिनिटं काही नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, खा ना बाई. मग जीभ बाहेर आली. एकदा. पुन्हा. मान पुढे आली, अंगठ्याएवढी, मग आणखी. आणि कसलाही आवाज न करता तिने तोंड उघडलं आणि पिल्लाचं डोकं आत घेतलं.

मी चाचींकडे पाहिलं. त्या पेटीकडेच तोंड करून बसल्या होत्या. काचेपासून दोन हात. चकलीचा जबडा हळूहळू पुढे सरकत होता, अर्धं पिल्लू गेलं होतं.

चाची म्हणाल्या, "अजून नाही ना? राहू दे. झाकण लाव, सकाळी बघू."

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते चकलीच्या बाजूला, वीतभर डावीकडे, रिकाम्या काचेवर होते.

मला सगळं एकदम कळलं. कधीपासून हेही कळलं. तुम्हाला दिसत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी आजवर ओठांवर आलेलं कधी गिळलेलं नाही. आज गिळलं. म्हणालो, "चाची, तिने घेतलंय. डोकं आत गेलं."

त्यांचा हात स्टुलाच्या कडेवर घट्ट झाला. मग अगदी हळू, "सांग."

"पुढचे पाय आत जातायत. डावा जबडा पुढे सरकतो, मग उजवा. आळीपाळीने. जसं आपण दोरी ओढतो."

"मग?"

"मान फुगलीय. डाग ताणले गेलेत, मधली पांढरी कातडी दिसतेय. डोळे उघडेच आहेत."

"तिचे मिटत नाहीत," चाची म्हणाल्या. "पापणीच नसते. नशीबवान." आणि हसल्या. मग म्हणाल्या, "डोळ्यांच्या आतली नस सुकते म्हणतात. मला कडेचं थोडं दिसतं, समोरचं गेलं. सहमला माझ्या लेकीने, फरिदाने, दोन डॉक्टर केले. फरिदाला ठाऊक आहे, जहूरना नाही. कळलं तर दाभोळला नेऊन बसवतील. तिथे मी काय करू? तिथे लोक उंदीर मारतात."

"चाचांना सांगायला लागेल, चाची."

"लागेल. मीच सांगीन. ईद होऊ दे." मग, "तू येशील ना तोवर?"

"तोवर कशाला," म्हणालो. "नंतरही येईन. डबे कोण वाचणार?"

त्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारायला हात उचलला, तो कानाला लागला. "शेपूट गेली का?"

"नाही. तेवढीच बाहेर आहे."

"घाई नको करू तिला. तासाभराने दुसरं दाखवू."

शेपूट जाईपर्यंत मी सांगत राहिलो. मग खाली आलो, भात लावला, बाबांना सांगितलं, बाबांनी पाठीवर थाप मारली. भांडी विसळत होतो तेव्हा आठवलं, उर्वीला फोन करायचा राहिलाय. दोन महिने मी त्या फोनवर जगत होतो.

लावला. ती रडली, मग हसली, मग म्हणाली, "थँक यू, दादा. आधी झैनला सांगते, तो जागाच आहे." आणि फोन ठेवला. तेव्हा झैनचंही कळलं. बरंच आधी कळायला हवं होतं. दुखलं. पण घड्याळात तास होत आला होता, दुसरं पिल्लू गरम करायचं होतं, आणि चाची वर एकट्या होत्या. मी ओले हात पुसले आणि जिना चढलो.